कापून टाकलेले खोकले

मला टीबी झाला होता. हे वाक्य लिहायला सात महिने लागले, म्हणून ते सगळ्यात आधी लिहून टाकते. आता मी बरी आहे. वजन परत आलंय, तीन मजले न थांबता चढते, आणि आईच्या मते माझी जीभ तर आजारपणात एक दिवससुद्धा अशक्त झाली नव्हती. गोळ्या कोणत्या आणि किती, हे डॉक्टरांना विचारा, मला नाही. मी लिहितेय ते त्यांच्या कागदावर न मावणाऱ्या गोष्टीबद्दल. या आजारात मी एक चूक केली. तीच चूक करत असलेले माझ्यासारखे आणखी कोणी असतील, आणि त्यांच्या हातात कदाचित अजून वेळ असेल.

बंद खोली

माझं नाव प्राची. मुलुंडला आईबाबांबरोबर राहते आणि अंधेरीच्या एका ऑफिसात कार्टून मालिकांच्या डबिंगच्या संहिता तपासते. केदार माझा तिथलाच जुना सहकारी. नंतर त्याने नोकरी बदलली, पण आम्हा दोघांचं वेड एकच राहिलं: जपानी अ‍ॅनिमे आणि जादू-तलवारींचे व्हिडिओ गेम. लोकांना तो पोरखेळ वाटतो. आम्ही त्यावर मराठीत पॉडकास्ट करतो. गोष्ट सांगत नाही, तिच्या पोटात काय आहे ते उकरतो. राक्षस मरताना आपल्याला त्याची कीव का येते, नायकाचा राग न्यायासाठी असतो की स्वतःसाठी, आणि खेळणाऱ्यापुढे दोन पर्याय ठेवले की तो स्वतःबद्दल काय उघड करून बसतो, असले आमचे विषय. ऐकणारे थोडे, पण चिवट. मुद्दा पटला नाही की पानभर लिहून पाठवतात.

रेकॉर्डिंग दर शनिवारी दुपारी, केदारच्या घाटकोपरच्या घरी. त्याची खोली रस्त्याच्या बाजूला, म्हणजे रिक्षांचे भोंगे फुकटात. त्यावर आम्ही देशी उपाय काढला होता. खिडक्या घट्ट बंद, फटींमध्ये जुन्या चादरी, दाराला गोधडी, भिंतींवर दुलया. पंखा बंद, कारण त्याची घरघर माइकमध्ये येते. एसी बंद, कारण तोही गुरगुरतो. अशा खोलीत आम्ही दोन-तीन तास घामाने निथळत बसायचो आणि वर अभिमानाने सांगायचो, की आमचा आवाज स्टुडिओसारखा स्वच्छ येतो.

खोलीत तिसरं माणूस असायचं ते केदारची आई. मी त्यांना काकू म्हणते. टेलिफोन खात्यातून निवृत्त झालेल्या, मधुमेहाच्या जुन्या पेशंट, आणि कुतूहल शाळकरी पोरीचं. पलंगाच्या टोकाला भिंतीला टेकून बसायच्या. 'आवाज करायचा नाही' एवढीच अट होती, आणि ती त्या पाळायच्या. रेकॉर्डिंग संपलं की मात्र असा एखादा प्रश्न टाकायच्या, की आमची दोन तासांची बडबड फिकी पडायची.

मला खोकला लागला तेव्हा मी एसीला दोष दिला, मग समोरच्या बांधकामाच्या धुळीला, मग मुंबईच्या हवेला. काकू ज्येष्ठमधाची काडी द्यायच्या. एपिसोडचं संपादन माझ्याकडे होतं. संगणकाच्या पडद्यावर बोलणं दिसतं बुटक्या झुडपांसारखं, आणि खोकला म्हणजे मध्येच उगवलेला उंच सुळका. निवडायचा, कापायचा, कडा जुळवायच्या. सुरुवातीला एका एपिसोडमागे दोन-तीन असायचे, नंतर वीस-वीस. ऐकणाऱ्या एकालाही कधी कळलं नाही, इतकी मी त्यात तरबेज झाले होते.

बाही

त्या दिवसांत आम्ही फारसा कोणाला माहीत नसलेला एक खेळ घेतला होता. नायिका वैदू आहे. तीन सोबत्यांना घेऊन जळलेल्या किल्ल्यापासून समुद्रापर्यंत चालत निघालीय. वाटेत एका पडक्या विहिरीचं पाणी तिच्या हाताला लागतं आणि मनगटावर काळी रेघ उमटते. ती रेघ रोज थोडी वर चढते. मुक्कामाला शेकोटी पेटली की एखादा सोबती विचारतो, "हात बघू?" आणि पडद्यावर दोन पर्याय येतात. हात पुढे कर, किंवा बाही खाली ओढ.

बाही ओढली तर काहीही होत नाही. कोणी रागावत नाही, गुण कापले जात नाहीत. उलट प्रवास सोपा होतो, कारण हात दाखवला तर सोबती तिला जपत हळू चालतात. पुढे बऱ्याच मुक्कामांनंतर एका सोबत्याच्या मानेवर तशीच रेघ दिसते. ती तिच्यामुळे आली की त्यालाही कुठलं पाणी लागलं होतं, हे खेळ शेवटपर्यंत सांगत नाही.

मी माइकसमोर तावातावाने म्हणाले होते, "हा बनवणाऱ्यांचा भ्याडपणा आहे. खोटं बोलायची शिक्षाच नसेल, तर पर्याय दिलाच कशाला? ही बाई गुन्हेगार आहे आणि खेळ तिला मोकळी सोडतो."

केदार म्हणाला, "शिक्षा झाली की आपण सुटतो ना, यार. गेम बंद करून जेवायला जातो. इथे कोणी काही बोलत नाही, म्हणून ती रेघ डोक्यात राहते."

"म्हणजे तू तिला सोडणार?"

"मी तिला सोडत नाहीये. तू फार पटकन पकडतेयस, एवढंच म्हणतोय."

रेकॉर्डिंग थांबवल्यावर काकूंनी विचारलं, "ती बाही का ओढते गं? लाजेने की भीतीने?"

"एकच ना काकू ते."

"एकच कसं? भीती वाटली की माणूस मदतीला हाक मारतो. लाज वाटली की दार लावून घेतो."

मी हसून त्यांचं वाक्य वहीत लिहून घेतलं. पुढच्या एपिसोडमध्ये स्वतःच्या नावावर खपवायचा विचार होता, खोटं कशाला बोलू.

निदान

पुढच्याच आठवड्यात ऑफिसच्या बेसिनमध्ये खोकल्याबरोबर रक्त पडलं. थोडंसंच, पण पांढऱ्या बेसिनमध्ये ते फार दिसतं. मी नळ सोडला, बेसिन स्वच्छ धुतलं, जागेवर येऊन दोन पानं तपासली, आणि मग बाबांना फोन केला. आधी बेसिन का धुतलं, हे मला आजही सांगता येत नाही.

एक्स-रे, थुंकीची तपासणी, दोन दिवस वाट पाहणं. डॉक्टर शांतपणे म्हणाले, "टीबी आहे. पूर्ण बरा होतो. फक्त गोळ्या चुकवायच्या नाहीत." बाबांनी विचारलं, "किती दिवस?" आईने विचारलं, "कोणाला सांगावं लागतं का?"  डॉक्टरांच्या टेबलावर औषध कंपनीचं कॅलेंडर होतं, त्यावर मागच्याच महिन्याचं पान होतं. ते उलटावं असं मला फार वाटत होतं.

रक्तामुळे पाच दिवस हॉस्पिटलमध्ये ठेवलं. तिथली दिनचर्या अशी, की सहाला थर्मामीटर, सातला चहा, आठला झाडू, आणि त्यानंतर दिवसभर वाट पाहणं. कशाची ते कोणी सांगत नाही. पहिल्या दिवशी लघवी केशरी झाली तेव्हा मी किंचाळलेच. नर्स म्हणाली, "गोळीचा रंग आहे तो. घाबरायचं नाही, सगळ्यांचं असंच." त्या 'सगळ्यांचं'मध्ये फार मोठा आधार होता. म्हणजे असे पुष्कळजण होते. मला आयुष्यात एकही कसा भेटला नव्हता, हे मात्र तेव्हा सुचलं नाही.

कावीळ

घरी येताना रिक्षातच आईने ठरवून टाकलं. "कोणी विचारलं तर कावीळ."

"आई, अगं..."

"गप रव. माईचा काय झाला ता माका म्हायत आसा."

आई एरवी आमच्यासारखीच मुंबईची मराठी बोलते. मालवणी बाहेर आली की समजायचं, ती फार आतून बोलतेय. माई म्हणजे तिची मोठी बहीण. आजोबा गिरणीत होते तेव्हाची गोष्ट. लग्नानंतर वर्षभरात माईला हा आजार झाला आणि सासरच्यांनी तिला बोटीत बसवून गावी पाठवून दिलं. ती परत आली नाही. मला हे तुटक तुटक माहीत होतं. आईला ते काल घडल्यासारखं आठवत होतं. त्यात माझ्यासाठी बोरिवलीचं एक स्थळ आलं होतं, दुसरी भेट ठरायची होती. तेव्हा कावीळ. कावीळवाल्याच्या घरी लोक येत नाहीत, फोनवरून पथ्यं सांगतात. आईची निवड अगदी बिनचूक होती.

पालिकेच्या आरोग्य केंद्रातून सिस्टर घरी आल्या. आईबाबांची तपासणी लिहून घेतली (दोघांचीही पुढे स्वच्छ आली), माझ्या खोलीची खिडकी स्वतःच्या हाताने सताड उघडली आणि वही काढली.

"घराबाहेर कोणाबरोबर जास्त वेळ बसणं-उठणं? बंद खोलीत? क्लास, भजनी मंडळ, मैत्रिणी?"

आई दारात उभी होती. मी म्हणाले, "नाही. ऑफिस आणि घर."

"ऑफिसचं बघू आम्ही. दुसरं कोणी नाही? नक्की?"

"नाही."

त्यांनी पेन क्षणभर तसंच धरलं, मग वही मिटली. एवढं सोपं होतं ते.

तुम्ही म्हणाल, तुला तेव्हा तो खेळ आठवला नाही का? आठवला. पण माणसाकडे स्वतःसाठी कारणांचा तोटा नसतो. केदार धडधाकट आहे. काकूंना काही झालं असतं तर एव्हाना कळलं असतं. माझं औषध सुरू झालंय, आता माझ्यापासून कोणाला धोका उरणार नाही. झालं ते झालं. यांतलं शेवटचं कारण सगळ्यात आवडीचं, कारण ते कुठेही चालतं.

केदारचा फोन आला. "कावीळ? वाट लागली म्हणजे. आई म्हणतेय, बाहेरचा रस अजिबात पिऊ नकोस, ऊस चघळ."

दुसऱ्या दिवशी तो वॉचमनकडे डबा ठेवून गेला. आत उसाच्या गंडेऱ्या, सोलून, बोटभर लांबीच्या, एकसारख्या. सोबत भाजलेले चणे. मग दर तीन-चार दिवसांनी डबा येऊ लागला. ज्या बाईला साखर वर्ज्य, ती माझ्या खोट्या काविळीसाठी विळीवर बसून ऊस तासत होती. मी त्या गंडेऱ्या खाल्ल्या. गोड होत्या. त्या खाताना मला स्वतःची अक्षरशः किळस येत होती आणि तरी मी त्या खाल्ल्या.

दाराबाहेरचे बाबा

पहिले काही आठवडे मी एका खोलीत. बाबा दाराबाहेर खुर्ची टाकून बसायचे. बोलायला विषय संपले तेव्हा मी त्यांना एक अ‍ॅनिमे लावून दिली. ते बाहेर टीव्हीवर, मी आत लॅपटॉपवर, दोघं एकदम सुरू करायचो. एका गावात एक मुलगी दुकान चालवते. लोक तिच्याकडे आपली भीती ठेवायला देतात, ती बरण्यांत भरून फळीवर लावते. गाव निर्भय होतं. मग पोरं कौलांवरून पडायला लागतात, कोळी वादळात होड्या घालतात, आणि भरलेल्या बरण्यांखाली दुकानाची फळी वाकत जाते.

मी दारामागून माझं नेहमीचं ज्ञान पाजळायला सुरुवात केली, की हे दडपलेल्या भावनांचं रूपक आहे, मनाचा न पाहिलेला भाग वगैरे. बाबांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, "ते असेल. मला त्या पोरीचं वाईट वाटतं. सगळ्यांचं सांभाळून तिची स्वतःची कुठे ठेवायची?"

आई चहा घेऊन जात होती. म्हणाली, "माझी पण एक बरणी ठेव म्हणावं तिला."

आम्ही तिघंही हसलो. पण मालिकेत इतके मोठे मोठे अर्थ काढणाऱ्या मला माझ्याच घरातली फळी दिसली नव्हती, हे तेव्हा लक्षात आलं. आई माईची भीती किती वर्षं एकटी सांभाळत होती, आणि मी तिला नुसतं 'जुन्या वळणाची' म्हणून मोकळी झाले होते.

ती फाइल

घरी आल्यापासूनच्या एकोणिसाव्या दिवशी ताप पूर्ण गेला होता आणि सकाळी मला काम करावंसं वाटलं. त्या खेळाचा एपिसोड तसाच पडून होता. लॅपटॉप उघडला, हेडफोन लावले, न कापलेलं रेकॉर्डिंग सुरू केलं. माझा खोकला येत होता, मी कापत होते. सवयीने हात चालत होते.

मग एक खोकला आला तो वेगळा होता. सुळका नव्हता, लहानसा उंचवटा. लांबून आलेला, कोरडा. त्या क्षणी केदार बोलत होता आणि मी मध्ये 'हं' म्हणत होते. म्हणजे आम्हा दोघांपैकी कोणाचा तो नव्हता. मी पुन्हा ऐकला. माइकपासून लांब, पलंगाच्या टोकाकडून.

मी त्याच्या आधीच्या शनिवारची मूळ फाइल काढली. त्यातही होता, चार वेळा. त्याच्या मागची काढली. त्यातही होता. अशा पाच फाइली सापडल्या. सहावीत मात्र काही नव्हतं. मग मी श्रोत्यांसाठी तयार केलेले तेच एपिसोड उघडले. ते स्वच्छ होते. म्हणजे काकूंचा खोकलासुद्धा मी दर आठवड्याला ऐकला होता आणि माझ्या खोकल्याबरोबर कापून टाकला होता.

मी मास्क लावून स्वयंपाकघराच्या दारात गेले. आई पालक निवडत होती. तिला सगळं सांगितलं. म्हटलं, मी आत्ता केदारला फोन करतेय.

"सांग," ती म्हणाली. "सांगायला पाहिजेच. पण उद्या सांग. बोरिवलीवाल्यांचा आज फोन यायचाय."

"त्यांना साखर आहे, आई. दोन महिने तरी खोकतायत त्या."

आई पालकाचं एकच पान कितीतरी वेळ हातात धरून बसली. मग म्हणाली, "माईला पण सगळे उद्याच नेणार होते डॉक्टरकडे." पान ताटात ठेवून तिने पदराला हात पुसले. "लाव फोन. मी इथेच बसते."

सांगणं

मी केदारला म्हटलं, "कावीळ नाही. टीबी आहे. काकूंना आजच्या आज दाखव."

 "कधी कळलं तुला?" त्याने विचारलं.

"हॉस्पिटलचे धरून चोवीस दिवस."

"चोवीस दिवस." तो ओरडला नाही. ओरडला असता तर बरं झालं असतं. "मी डबे आणून देत होतो, प्राची. आई ऊस सोलता सोलता खोकत होती आणि मी तिला म्हणत होतो, थंड पाणी पिऊ नकोस."

"केदार..."

"नको. आत्ता काही बोलू नकोस तू." त्याने फोन ठेवला.

मग मी सिस्टरना फोन करून सांगितलं. त्या म्हणाल्या, "तरी म्हटलं, एवढी बोलकी पोरगी आणि हिला बाहेर कोणीच नाही? पत्ता सांगा." रागावल्या नाहीत. पत्ता लिहून घेतला.

केदारची तपासणी स्वच्छ आली. काकूंना टीबी निघाला. फार पसरलेला नव्हता, पण साखरेमुळे त्यांना सुरुवातीला फार त्रास झाला, आठवडाभर दाखल करावं लागलं. तो आठवडा मी कसा काढला हे लिहायचा प्रयत्न केला आणि खोडला. त्या हॉस्पिटलमध्ये होत्या आणि मी घरी बरी होत होते, एवढंच लिहिते.

मी माझ्या डॉक्टरांना विचारलं, हा त्यांना माझ्यामुळेच झाला का? ते म्हणाले, "सांगता येत नाही. तुमच्यामुळे त्यांना, त्यांच्यामुळे तुम्हाला, की दोघींना तिसरीकडून. या शहरात काहीही असू शकतं." मला एकदम हलकं वाटलं. फाशीच रद्द झाल्यासारखं. काकू घरी आल्यावर त्यांचा फोन आला, तेव्हा मी माफी मागितली आणि त्या माफीच्या शेपटाला हेही जोडलं, की डॉक्टर म्हणतात, कोणी कोणाला दिलं ते सांगता येत नाही.

काकूंचा आवाज अगदी बारीक झाला होता. त्या म्हणाल्या, "ते राहू दे गं. कोणी कोणाला दिलं त्याला काय करायचंय? तुला माहीत होतं आणि मला माहीत नव्हतं. राग त्याचा आहे."

 

"आणि मी माफ केलं वगैरे म्हणणार नाहीये," त्या पुढे म्हणाल्या. "मला राग आलाय, तो माझा मी बघेन. पण त्या गोळ्या बघितल्या की मला उमासे येतात. केदार समोर उभा राहिला की चिडचिड होते. तू रोज सकाळी नऊला फोन कर. तू तिकडून घे, मी इकडून घेते. गप्पा नाही मारायच्या."

नऊ वाजता

गप्पा खरंच नसायच्या. "घेतली?" "घेतली." "पाणी?" "प्यायले." फोन बंद. पहिला महिना असाच गेला. मी रोज पावणेनऊपासून फोन हातात धरून बसायचे, आणि त्या फोनवाचून दिवस सुरूही व्हायचा नाही.

दुसऱ्या महिन्यात एकदा गोळ्या गिळून झाल्यावर त्या म्हणाल्या, "मग? तुझी कोणती होती? लाज की भीती?"

"लाज," मी म्हणाले.

"वाटलंच. तुझ्या आईची?"

"भीती."

"मग तिच्यावर राग धरू नकोस," असं म्हणून त्यांनी फोन ठेवला. आपल्या रागाबद्दल मात्र अवाक्षर नाही.

मी तो खेळ पुन्हा पहिल्यापासून खेळले. या वेळी प्रत्येक शेकोटीला हात पुढे केला. फार कंटाळवाणा प्रवास होतो तो. सोबती सारखे थांबतात, एकजण तर भांडून दोन मुक्काम बोलत नाही, आणि रेघ तर चढतेच. शेवटही तोच राहतो. मला वाटलं होतं, खरं सांगितल्याच्या बदल्यात खेळ शेवटी काहीतरी देत असेल. तसं काही मिळत नाही. फक्त त्या सोबत्याच्या मानेवर रेघ दिसते तेव्हा बाकीच्यांना ती ओळखता येते, आणि ते त्याला घेऊन मोठ्या वैद्याकडे वळतात. एवढाच फरक. घाईघाईने न्याय करताना माझ्या हातून नेमका तोच सुटला होता.

बोरिवलीकरांना आईने स्वतः खरं सांगितलं. ते म्हणाले, कळवतो. अजून कळवतायत. आईने दोन दिवस तोंड पाडलं, तिसऱ्या दिवशी त्या मुलाबद्दल म्हणाली, "त्यांचो झिलगो तसोय माका पसंत नव्हतो." शेजारच्यांनाही तिनेच सांगितलं. एकजण आमच्याकडे चहा घेत नाही. बाकीचे घेतात.

केदार चार महिने बोलला नाही. मग त्याचा मेसेज आला: "तो एपिसोड टाकायचा का? तू त्या बाईला गुन्हेगार म्हणालीयस, ते काढायचं असेल तर काढ." मी लिहिलं, राहू दे, काहीच कापत नाही. एपिसोड तसाच गेला, दोघींच्या खोकल्यासकट. एका श्रोत्याने तक्रार केली, की या वेळी आवाज फार खराब आहे. केदारने त्याला काय उत्तर दिलं ते मला माहीत नाही. आम्ही आता कामापुरतं बोलतो. त्यापुढे जाईल की नाही, कोण जाणे.

माझा कोर्स संपला. काकूंचा महिनाभर मागे होता, म्हणून नऊचा फोन चालूच राहिला. मी गोळीऐवजी नुसतं पाणी प्यायचे आणि त्यांना तसं सांगायचे. एक दिवस त्यांनी गोळ्या घेतल्या, पाणी प्यायल्या आणि नेहमीसारखा फोन ठेवला नाही.

"अगं," त्या म्हणाल्या, "आज गंमत झाली. रोज डोळे उघडले की आधी तुझा राग येतो. आज उठले, चहा झाला, अंघोळ झाली, बघतेय तर आलाच नाही."

मी रिकामा पेला खाली ठेवला.

"उद्या येईल कदाचित," काकू म्हणाल्या. "तू फोन मात्र कर."